न हलणारी घोडी

हर्सूलच्या सोनाजीनं बापाची मेंढरं मोडून घोडी घेतली, तेव्हा भावकी हसली होती. पण रूपा पांढरीशुभ्र, देखणी. लग्नसराईत तिला उसंत नसायची. खोट एकच. डीजेचा ठोका पडला की ती बिथरायची. एका नवरदेवाला तिनं थेट गटारात उतरवलं होतं.

मग सोनाजीनं जनावरांच्या औषधाच्या दुकानातून पावडर आणली. "भेव कमी व्हतं, जात नाय," दुकानदार म्हणाला होता. सोनाजी ती रोज चंदीत कालवू लागला. रूपा वरातीत गप उभी राहू लागली. नुसती कातडी थरथरायची.

दौलताबादच्या वरातीत त्यानं नवरदेवाच्या मामाला, सर्जेरावाला, फुशारकीनं सांगितलं, "बिनघोर ऱ्हावा. औषध चालू हाय. तोफ लावा, हलायची नाय."

"व्हय? मंग बघूच की!"

सर्जेरावानं नवरदेवाला खाली उतरवलं आणि फटाक्यांची माळ रूपाच्या शेपटीला बांधली. थट्टा असेल, असं सोनाजीला वाटलं. तोवर काडी ओढली गेली.

"लगाम सोडू नको रे!" सर्जेराव ओरडला.

सोनाजीनं दोन्ही हातांनी लगाम आवळला. पलीकडून दोन पाहुणे लटकले. रूपा जागच्या जागी नाचली, मुतली, पण पळता आलं नाही. जळक्या केसांचा वास सुटला. टाळ्या पडल्या. सर्जेराव हसला, म्हणून सोनाजीही हसला.

घरी जखमेला खोबरेल लावताना बायकोनं, दगडाबाईनं, विचारलं, "लगाम कुणी धरला व्हता?"

सोनाजी चंदी कालवायला उठला.

वरातीचा व्हिडिओ गावोगाव फिरला. आता सगळ्यांना तीच घोडी हवी, आणि प्रत्येक वरातीत कुणीतरी माळ घेऊन पुढं यायचाच. सोनाजी आधी हात जोडायचा. पुढं पुढं तेही सोडलं. पावडर तेवढी वाढवत गेला.

गंगापूरला मात्र वाजंत्री सुरू होण्याआधीच रूपा भर रस्त्यात बसली. काही केल्या उठेना. वरात खोळंबली, माणसं काठ्या शोधू लागली. लोकांनी मारण्यापरीस आपण मारलेलं बरं, आपला हात हलका पडंल, असं म्हणत सोनाजीनं पहिली काठी हाणली. हात हलका राहिला नाही.

रूपा उठली. नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत सरळ चालली. नवरदेव उतरला आणि ती कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. सोनाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसला.

वऱ्हाडाला जेवणाची घाई होती. मागून कुणीतरी हॉर्न दाबला.

"ए घोडीवाल्या, बाजूला वढ की तिला. गाड्या जायच्यात."