नानांचा ठेचा

नाना मुलांच्या चेहऱ्याकडे फार कमी बघत. त्यांचं लक्ष ताटात असे. कोणी मिरची बाजूला काढली, कोण घासागणिक पाणी पितंय, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. वर्गात ते कंटाळवाणे होते, हे सांगायला आता हरकत नाही. गेल्या वर्षी ते गेले.

व्यसनमुक्तीच्या शपथेचं त्यांना वावडं होतं. वरून फतवा आला की सगळी शाळा मैदानात हात पुढे करून शपथ घेई, आणि नाना मागे उभे राहून चष्मा पुसत. "शपथ मोडली की पोरगं दोनदा पडतं," ते म्हणत. "एकदा स्वतःच्या नजरेत, एकदा आपल्या. मग ते आपल्याकडे फिरकतच नाही." प्रभातफेरीत सगळ्यांत मोठ्याने घोषणा देणाऱ्याच्या गालात पुडी असायची, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते त्याला चारचौघांत काही बोलत नसत. मुख्याध्यापकांशी त्यांचं यावरून वाजायचं.

त्यांची स्वतःची पद्धत म्हणजे भरीत पार्टी. हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात आणि नानांनी स्वतः कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. तो इतका जहाल असे की खुद्द नानांचं नाक वाहू लागे. आम्हाला वाटे, सर हौशी आहेत. ते मात्र वाढण्याच्या निमित्ताने पंगतीतून फिरत. हाशहुश करत खाणाऱ्यांना सोडून ते ठेचा बाजूला सारणाऱ्या एखाद्याच मुलापाशी थांबत आणि हळूच विचारत, "कुठे जळतं? जिभेवर, की गालाच्या आत?" गालाच्या आत म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बोलावणं यायचं. सुपारी-तंबाखूच्या पुड्यांनी गाल आतून कडक होऊ लागले की आधी तिखट सोसत नाही आणि पुढे तोंडच नीट उघडत नाही, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. खानदेशातल्या पोराला तिखट झेपेना म्हणजे काहीतरी बिघडलंय, असा त्यांचा साधा हिशेब होता.

माझा धाकटा भाऊ त्या पार्टीला कधी आलाच नाही. कधी पोट दुखे, कधी क्रिकेटची मॅच असे. घरी आई त्याच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं वरण करू लागली होती आणि तिला त्याचं भारी कौतुक होतं. पोरगा शहरातल्या माणसांसारखा जेवायला लागला, असं ती शेजारणींना सांगे. एका मधल्या सुट्टीत नानांनी आम्हा बहीणभावांचे डबे पाहिले. एकाच घरातले डबे, पण माझ्यात लालभडक शेवभाजी आणि त्याच्यात वरण-पोळी. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"माय, पोऱ्याले फिकं कव्हयपासून करस?"

"दिवाळीपासून, सर," आई म्हणाली. "त्याले तिखं सहनच व्हत नही."

नानांनी भावाला बोलावलं आणि हाताची तीन बोटं जुळवून, उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली. आईला तो काहीतरी खेळ वाटला, ती हसली.

"ही कौतुकनी गोट नही, माय," नाना म्हणाले. "हाऊ आजार शे."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ते त्याला एसटीने धुळ्याला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सवय आज सुटली तर दुखणं वाढायचं थांबेल, पण तोंड पहिल्यासारखं उघडेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना भाऊ त्यांच्या शेजारी बसलाही नाही. नानांनी ना त्याला रागावलं, ना शपथ घातली. "रिकाम्या तोंडाला काम पाहिजे," म्हणून ते रोज त्याच्या खिशात भाजलेल्या शेंगा कोंबत. वर्गात टरफलांचा सडा पडे आणि शिपाई कुरकुर करी. मध्ये एकदा भाऊ पुन्हा पुडीकडे वळला. आम्हाला पत्ताही नव्हता, पण नानांना त्याने आपण होऊन जाऊन सांगितलं. शपथ नव्हती म्हणूनच तो जाऊ शकला, असं मला आजही वाटतं.

सवय सुटली. तोंड मात्र पुरतं उघडलं नाही. पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं, मुलीकडे यातलं काही बोलायचं नाही, उगाच सोयरीक मोडेल. नाना तोवर निवृत्त झाले होते. ते भावाला म्हणाले, "तिला आधी सांग. आणि तूच सांग, मी मध्ये येणार नाही." त्याने सांगितलं की नाही, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. विचारायचा धीरही झाला नाही.

लग्नाच्या पंगतीत नवरानवरीने एकमेकांना घास भरवायची वेळ आली. भावाचे मित्र भोवती जमून ओरडू लागले, "मोठा घास, वहिनी, अख्खा लाडू!" भावाचा चेहरा उतरला. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. समोर बसलेल्या नानांचा हात ताटातच थांबला. नवरीने लाडू उचलला, त्याचा नखाएवढा तुकडा मोडला आणि भावाच्या ओठांशी नेला. मित्रांनी आरडाओरडा केला. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुढचा तुकडा आणखी लहान मोडला.

आईने माझा दंड सोडला. हात धुवायला उठलेले नाना माझ्यापाशी थांबले. त्यांचे डोळे भरले होते.

"सांगितलं त्याने," ते म्हणाले.