लाल पाण्यातली नाव

खानदेशाला समुद्र नाही, पण चोपड्याच्या अंगाला तापीकाठी राहणाऱ्यांना त्याची उणीव कधी भासली नाही. पावसाळ्याचे चार महिने तापीच समुद्र. केळी, कापूस पिकायचा उत्तर काठाला, आणि रेल्वे, जिनिंग, डॉक्टर, बाजार सगळं दक्षिणेला. देवाने ताट वाढलं, पण नेमकं नदीपलीकडे. मधे काय, तर हिलाल नानाची नाव.

हिलाल नाना कोळी वर्षाकाठी घरटी धान्य घ्यायचा आणि गावाला पार करायचा. त्याचा एकच कायदा होता. पूर्णेकडून येणारं काळं पाणी जड, पण शहाणं. त्यात नाव घालता येते. सातपुड्यातून उतरणारं लाल पाणी मात्र झाडं उपटून आणतं. लाल पाण्यात नाव सुटणार नाही, मग समोर मामलेदार उभा असो की मढं. एकोणीसशे छप्पन्नच्या श्रावणात गावातल्या केळीवाल्या अभिमनच्या आईला साप चावला. अभिमनने तिला खाटेवर घालून काठावर आणलं, नानाचे पाय धरले. नाना म्हणाला, "पानी लाल शे. नाव सुटाव नही." म्हातारी खाटेवरच गेली. गाव हळहळलं, पण नानाला कोणी बोल लावला नाही. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दोन वर्षांनी भादव्यात पलीकडच्या काठावर काठीला बांधलेलं लुगडं फडकलं, म्हणजे सुईण हवी असल्याची खूण. ते नानाच्या लेकीच्या सासरचं गाव. ताईबाई दोन दिवसांपासून अडली होती, आणि पंचक्रोशीतली जाणती सुईण म्हणजे तिची आई, नानाची बायको वच्छलाबाई, अलीकडे. पाणी लालभडक होतं. नाना दोनदा पाण्यापर्यंत जाऊन परत आला. मग भाऊ लोटनला हाक मारली, वच्छलाबाईला नावेत बसवलं आणि दोर सोडला. गाव काठावरून पाहत होतं.

नाव दीड कोस खाली जाऊन लागली. दोनदा उलटता उलटता राहिली, लोटनच्या तळहाताची सालटी निघाली. पण ताईबाई सुटली, पोरगी झाली. बाप म्हणून नाना चुकला असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. चुकला तो परत आल्यावर. काठावर अभिमन उभाच होता. त्याने एवढंच विचारलं, "नाना, पानी कसं व्हतं?"

नानाला खरं सांगता आलं असतं, की लेकीसाठी जिवावर उदार झालो, मरता मरता वाचलो. पण उभ्या जन्माचा कायदा एका दिवसात मोडला हे त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "काळं व्हतं."  अभिमन मान हलवून घरी गेला.

आठच दिवसांनी अभिमनची केळी कापून झाली. पलीकडच्या स्टेशनात मालगाडीची वाघीण लागलेली, आणि आज माल चढला नाही तर घड काठावरच काळे पडणार. सकाळी नाना घाटावर आला तेव्हा नाव घडांनी भरलेली आणि सात माणसं आत बसलेली. पाणी आठवड्यापूर्वीच्यापेक्षा लाल होतं, आणि वर फेस होता.

"उतरा," नाना म्हणाला. "पानी लाल शे."

"लाल कोठे शे?" अभिमन शांतपणे म्हणाला. "असाच पानीले तुम्ही काळं सांगं व्हतं ना."

 नानाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मी खोटं बोलनू, अभिमन. ते लालच व्हतं. पोरीसाठे पार गऊ मी."

नावेतली माणसं एकमेकांकडे पाहून हसली. त्यांनी नाव पार होताना डोळ्यांनी पाहिली होती. आता कुणाचं काय ऐकायचं? अभिमन मात्र हसला नाही. "मनी माय गई तवयबी तुम्ही पानी लालच बोलनात," म्हणाला, आणि त्याने दोराची गाठ सोडली.

नाव हलली. त्या सातांत वल्हं धरणारे दोघे होते, नदी जाणणारा एकही नव्हता. नानाला वाटलं, काठावर राहावं. राहिला असता तर कोणी नावं ठेवली नसती. पण ती माणसं त्याच्याच शब्दावर बसली होती. तो कमरेइतक्या पाण्यात शिरला, नावेची कड धरून वर चढला आणि सुकाणू हातात घेतलं.

वच्छलाबाई काठावर येऊन उभी राहिली होती. नानाने तिच्याकडे पाहिलं नाही. वरच्या वळणावरून मुळांसकट एक झाड येत होतं, आणि त्याच्यामागे दुसरं.