दोन चिप्सच्या मधली ताई

कुणीही काही विचारलं की ताई आधी चष्मा काढायची, ओढणीच्या टोकाने पुसायची, पुन्हा डोळ्यांवर चढवायची आणि म्हणायची, "घाई नाय." उत्तर त्यानंतर. शहापूरच्या आमच्या शेडमध्ये तिच्याइतकं संथ माणूस दुसरं नव्हतं, आणि शेडमधलं सगळ्यात वेगाचं काम तिच्याकडेच होतं.

आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी एक्स-रे मशीन बनवायचो. तिच्यात दोन चिप्स असतात. एक फोटो टिपते, दुसरी तो पडद्यावर आणते. मधल्या वाटेने फोटोचा कण न् कण एकामागे एक, एका रांगेत धावतो आणि पापणी लवायच्या आत पलीकडे पोचतो. पण या दोघींना एकमेकींशी बोलतं करायचं, तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तशी सोय असावी लागते. ती सोय ताई बघायची. मी शेजारच्या टेबलावर तयार मशीन तपासायचो.

ताई सिद्धगडाच्या पायथ्याची. आठवडाभर शहापुरात खोली करून राहायची आणि शनिवारी स्कूटरवरून मुरबाडमार्गे गावी जायची. वाटेत बैलगाडीने तिला मागे टाकलेलं मी स्वतः पाहिलंय.

आम्ही वापरायचो ती ऑपरेटिंग सिस्टिम जगभरचे लोक मिळून बनवतात. एकदा त्यांनी जाहीर केलं की ही चिप्समधली वाट आता कुणी वापरत नाही, पुढच्या आवृत्तीतून ती काढून टाकू. आमचे शेठ धावत ताईकडे आले. ताईने त्या लोकांना कळवलं, आम्ही वापरतो, शहापूर, जिल्हा ठाणे. तिकडून प्रश्न आला, मग सांभाळणार कोण? ताईने चष्मा पुसला आणि लिहिलं, मी. अशी ती साऱ्या जगाची जबाबदार झाली. सारं जग म्हणजे, पुढे कळलं, आम्ही धरून तीन कंपन्या.

शेठनी नारळ आणि शाल देऊन सत्कार केला. फाटकावर तिचा फोटो असलेला फ्लेक्स लावला, 'जागतिक चिप्सच्या प्रमुख'. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी तिला अडवलं.

"गो ताई, बटाट्याच्या का केळ्याच्या?"

"वाळूच्या," ताई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

मग त्या तीन कंपन्यांतल्या एका मोठ्या परदेशी कंपनीने एक सुधारणा पाठवली. फोटो धाडण्याआधी दोन्ही चिप्स एकमेकींचा वेग जुळवून घेतात. तो वेळ कमी केला की मशीन लवकर सुरू होणार होती. ताईने होकार दिला की ती सुधारणा सगळीकडे जाणार होती. त्याच कंपनीकडून आम्हाला मोठी ऑर्डरही मिळायची होती, त्यामुळे शेठ ताईच्या खुर्चीमागेच उभे.

"आजच्या आज हो म्हणून टाक."

"घाई नाय शेठ. आधी तापू दे."

तिने ती सुधारणा घातलेली एक मशीन पत्र्याखालच्या कोपऱ्यात, ऐन उन्हाळ्यात, चालू करून ठेवली. मटणाच्या दुकानातून मी एक अख्खी नळी आणली आणि आम्ही तिचे फोटो घेत बसलो. सकाळभर फोटो सुरेख आले. दुपारी पत्रा तापला, आणि पडद्यावरची नळी मधोमध तुटून बाजूला सरकली.

"ताई, हाड मोडलं."

तिने टेबलावरची नळी उचलून उलटून पालटून पाहिली. "हाड मोडलं नाय रे. फोटो मोडलाय. तापल्यावर एवढ्या कमी वेळात दोघींचा वेग जुळत नाय." मग नळी खाली ठेवत म्हणाली, "आमच्या गावात एवढ्यावर म्हाताऱ्याला गाडी करून कल्याणला नेतील. प्लास्टर घालून आणतील. चांगल्या पायाला."

तिने सुधारणा नाकारली. ऑर्डर गेली. शेठ तिच्याशी बोलेनासे झाले. पुढे एका समारंभात मात्र ते छाती काढून सांगत होते, "परदेशी कंपनीला तोंडावर नाही म्हटलं आम्ही." ताई मागच्या रांगेत वडा खात होती.

काही वर्षांनी आमच्या नव्या मशीनमध्ये वेगळ्याच चिप्स आल्या. बाकीच्या दोन कंपन्यांनीही ती वाट सोडली. ताईने जगाला विचारलं, कुणी वापरतंय का? कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा ते सगळं काढून टाकायचा प्रस्ताव तिने स्वतःच तयार केला.

"जे वाचवलंस तेच पुसतेस?" मी विचारलं.

"वापरणारं कोण नाय. लोकांनी उगाच किती दिवस वागवायचं?"

त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. आई थकली होती, गावी राहून जमेल ते काम ती करणार होती.

शेवटच्या दिवशी ती पडद्यासमोर बसून, काढायच्या त्या ओळी पहिल्यापासून वाचत होती. मी चहा घेऊन गेलो तर एका ओळीवर थांबलेली.

"हे चुकलंय रे माझं. इतकी वर्षं कोणाला कळलं नाय."

"आता काय फरक पडतो? जाणारच आहे ना सगळं?"

"जुन्या मशिनी हायत ना कुठं कुठं. त्यांना जुनीच आवृत्ती लागते."

तिने ती एक ओळ दुरुस्त करून पाठवली. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती घेतली गेल्याचं उत्तर येईपर्यंत पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. चहाचं कधीच गार पाणी झालं होतं. उत्तर आलं. मग तिने बाकीचं सगळं पुसलं, आणि संगणक बंद करून उठली.