डावखुऱ्या रायफलीचा वेग

आमच्या क्लबात डावखुऱ्यांसाठी एअर रायफल एकच आहे, आणि सर ती मोडीत काढायला निघाले होते. दस्ता डाव्या गालाला टेकणारा, मूठ डाव्या हाताला बसणारी. ही रायफल गेली की माझी नेमबाजी संपली, इतकी ती गोष्ट सरळ होती. लहानपणी आईने चापट्या मारून मला उजव्या हाताने जेवायला लावलं, लिहायलाही लावलं, पण नेम काही त्या हातात उतरला नाही. चोपन्नाव्या वर्षी तो उतरेल अशी आशा मलाही नव्हती.

क्लब म्हणजे सानपाड्यातल्या एका शाळेच्या तळमजल्यावरचा लांबोळका हॉल. एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर कागदी कार्डं. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण शिकवतात म्हणून सर. पावसाळ्यापासून माझे गुण घसरत चालले होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच रविवारी सरांनी माझी रायफल क्रोनोग्राफवर लावली. क्रोनोग्राफ म्हणजे डब्याएवढं एक काळं यंत्र, वरून उघडं, आणि तळाशी दोन खळग्यांत दोन डोळे. पेलेट, म्हणजे आमचा शिशाचा छर्रा, आधी एका डोळ्यावरून जातो, मग दुसऱ्यावरून. मधे किती वेळ गेला त्यावरून यंत्र वेग सांगतं.

वेग आला सेकंदाला एकशे एकाहत्तर मीटर. पुढच्या शॉटला एकशे अठ्ठेचाळीस. मग दोनशे बारा. मग काहीच नाही, नुसत्या रेघा. सरांनी मान हलवली. हवा सोडणारा व्हॉल्व्ह गेलाय म्हणाले, जुनं मॉडेल आहे, आता पार्टही मिळत नाहीत. मग आवाज मऊ करून म्हणाले की तुम्ही क्लब सोडू नका, जज म्हणून बसा, कार्डं तपासा, तुमचा अनुभव मोठा आहे. लोक म्हातारीला रिक्षात चढताना हात देतात तेव्हाचा हा आवाज होता. माझं डोकंच फिरलं.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मापांच्या खोलीत काढली आहेत. मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज, सगळ्यांची तपासणी माझ्याकडे. तिथला नियम असा की नग नापास करायच्या आधी ज्याने मोजलं ते हत्यार तपासायचं. हत्यारावर तपासणीचा स्टिकर नसेल तर खुद्द मालकाने घेतलेलं मापही आम्ही मानत नसू. मी सरांना विचारलं, हे यंत्र शेवटचं कधी तपासलं? ते हसले. नवीन आहे मॅडम, म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल?

मी म्हटलं, मला पुढचा रविवार द्या. त्यांनी दिला, पण दुपारी बारापर्यंतच. बारानंतर रायफल पेटीत घालून मोडीत द्यायला विक्रेत्याकडे परत जाणार होती. तो आठवडा मला धड झोप लागली नाही. भीती वाटत होती हे कबूल करते, पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

रविवारी मी व्हर्नियर, टॉर्च आणि नवे सेल घेऊन आठ वाजताच पोचले. हॉल उघडणाऱ्या मावशी कोपरखैरणे गावातल्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी सगळ्यांच्या मावशीच. त्यांनी कुलूप काढलं आणि झाडू हातात धरूनच माझा उद्योग बघत उभ्या राहिल्या. हळूहळू बाकीची मंडळीही जमली.

आधी सेल बदलले. आकडे तसेच उड्या मारत राहिले. मग यंत्र नळीपासून मीटरभर लांब नेलं, कारण जवळ असलं तर पेलेटच्या आधी हवेचा झोतच त्याला फसवतो. फरक नाही. वरच्या एलईडी ट्यूब डोळ्यांना दिसत नसलं तरी लुकलुकत असतात आणि असल्या यंत्राला चकवतात, म्हणून त्या बंद करून खिडक्या सताड उघडल्या. नुसत्या रेघा येणं कमी झालं, पण आकडे वेडेवाकडेच.

तेव्हा मी सरांना म्हटलं की आता तुमची रायफल लावा. त्यांची रायफल कोरी करकरीत, तिच्यावर कोणी शंका घेतलेली नव्हती म्हणून तिला या यंत्रासमोर कधी कोणी आणलंच नव्हतं. सरांनी स्वतः पाच शॉट मारले. एकशे सत्तर, एकशे पन्नास, रेघा, एकशे नव्वद, एकशे एकोणसाठ. सरांचा चेहरा पडला. मनातून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग यंत्र उचलून खिडकीशी नेलं आणि टॉर्च मारून आत पाहिलं. पहिला डोळा पिवळा होता. दुसरा लाल. बोटाने खरवडलं तर नखात हळद आली, कुंकू आलं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली होती आणि कोणीतरी यंत्राच्या दोन्ही डोळ्यांत हळदकुंकू भरलं होतं. दोन्ही डोळे अर्धे झाकलेले. पेलेटची सावली कधी वेळेवर दिसायची, कधी उशिरा, कधी दिसायचीच नाही.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. कारखान्यात खंडेनवमीला आम्हीही गेजांची पूजा करायचो, पण कुंकू पेटीवर, फूल पेटीवर, मोजायच्या पृष्ठभागाला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. एवढी साधी अक्कल नसेल तर यंत्रं घेताच कशाला, असं मी सगळ्या हॉलला सुनावलं. सरांना तर जरा जास्तच. सगळे खाली बघत होते. फक्त मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "ह्या तुमीच लावला हाय. ताट माझ्या हातान व्हता."

आणि मला सगळं आठवलं. वयाने मोठी म्हणून पूजा मला सांगितली होती. टेबलावर रायफली ओळीने मांडल्या होत्या, शेवटी ही काळी वस्तू, त्याच आठवड्यात आलेली. मला ती पेलेट ठेवायची ताटली वाटली. दोन खळगे दिसले, एकात हळद ठेवली, एकात कुंकू. पूजा उजव्याच हाताने, आईची शिकवण. त्या हाताला ना नेम ना अंदाज, बोट पार तळापर्यंत गेलं असणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हत्यारांवर स्टिकर चिकटवले, आणि पहिल्या भेटीत यंत्राचे डोळे मीच फोडले.

कान तापले. पण मी बसले नाही. माझी चूक, असं सगळ्यांसमोर म्हटलं, सरांची माफी मागितली आणि मावशींकडे प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस मागितला. दोन्ही डोळे काडीने स्वच्छ केले. व्हर्नियरने त्यांच्यातलं अंतर मोजलं, ते माहितीपुस्तकातल्या आकड्याशी जुळलं. तरी यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून सरांच्या रायफलीचा एक शॉट यंत्रावरून मारला आणि फोनवर आवाज रेकॉर्ड केला. एक आवाज शॉटचा, दुसरा दहा मीटरवर पत्र्यावर पेलेट आपटल्याचा. मधला वेळ काढला, पत्र्याचा आवाज परत यायला लागतो तो वजा केला. वेग आला एकशे त्रेसष्ट, यंत्राने दाखवला होता एकशे सत्तर. पेलेट वाटेत मंदावतं, तेव्हा नळीशी मोजलेल्या वेगाहून तो थोडा कमी यायलाच हवा. जुळलं.

मग माझी रायफल लावली. एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर, एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर. घड्याळात अकराला दहा कमी होते.

"मॅडम, रायफल एकदम फिट आहे," सर म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मीही हसले, आणि हसता हसताच थांबले. रायफल फिट आहे तर पावसाळ्यापासून घसरलेले ते गुण कुणाचे? आठवडाभर भांडताना हा प्रश्न मला शिवलाही नव्हता. व्हॉल्व्ह गेला असता तर सगळं त्याच्यावर ढकलून सुटले असते. ती पळवाट मीच व्हर्नियर घेऊन बुजवली होती. सरांच्याही हे लक्षात आलं असावं, कारण ते माझी जुनी कार्डं उगाच नीट रचत बसले.

"सर, ते गुण माझेच," मी म्हटलं. "रायफल परत जाणार नाही. आणि मी जज म्हणून बसणार नाही."

आज राहू द्या, दमलात, असं ते म्हणाले. मी कार्ड लावायला सांगितलं, दस्ता डाव्या गालाला टेकवला, श्वास सोडला आणि ट्रिगर ओढला. आठ. तोही खालच्या बाजूचा. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि हळूच विचारलं की हा सरावाचा धरू का, नवीन कार्ड लावतो.

"नको," मी म्हटलं. "आठच लिहा."

आणि दुसरं पेलेट भरलं.