निकम सर आणि बंद मॉनिटर

निकम सर माझ्या ऑफिसात आले की आधी हाताने चाचपून मॉनिटर बंद करत. मग खुर्चीत बसून म्हणत, "हं, आता दाखवा शेठ तुमची वेबसाइट."

काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. देवळाली कॅम्पला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर संगणक चालवायचा. मी बारावी नापास, एका टेबलावर वेबसाइट बनवायचा धंदा उभा केलेला. २००५ च्या सुमारास एका हॉस्पिटलच्या वेबसाइटचं काम मिळालं. घरबसल्या नंबर लावायची सोय. सर तिथले जुने पेशंट, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाच तपासायला पाठवलं.

सरांच्या कानात नुसतं "इमेज, इमेज" वाजत राहिलं. माझी सगळी बटणं चित्रांची होती, आणि चित्रातली अक्षरं त्या प्रोग्रॅमला वाचता येत नव्हती.

"चित्रांना नावं द्या."

दिली. सगळ्यांना एकच, 'बेस्ट हॉस्पिटल इन नाशिक'. म्हटलं, गूगलही खूश होऊन शोधात वर दाखवेल. जागा भरायला घातलेल्या न दिसणाऱ्या चित्रांनाही तेच नाव. सरांनी ते शांतपणे चाळीसेक वेळा ऐकलं.

"शेठ, हॉस्पिटल बेस्ट आहे, पटलं. आत शिरायचं दार कुठंय?"

मी घासाघीस केली. "सर, पहिलं पान नीट करतो. बाकीचं चालवून घ्या."

"म्हणजे अर्धाच जिना बांधणार? पुढे मी उडी मारू?"

आणि त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, काम मंजूर करू नका! तीन आठवडे शिव्या घालत मी सगळी पानं नव्याने लिहिली. सरांनी स्वतःचा नंबर स्वतः लावला. शाबासकी? छे. "सुनेला हाक मारावी लागली नाही," एवढंच बोलून उठले. तो राग माझा अजून गेलेला नाही.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी पुण्याच्या कुणाकडून नवी वेबसाइट करून घेतली. नुसती हलती चित्रं. सरांचा फोन आला, "शेठ, दार पुन्हा बुजवलं हो."

"काम माझं नाही, सर," मी म्हणालो. असं मी म्हणालो.

त्याच वर्षी सर गेले. नवी वेबसाइट आल्यापासून शेवटपर्यंत त्यांचा नंबर पुन्हा सूनच लावत होती.

तेराव्यानंतर मी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर कौतुकाने नवी वेबसाइट दाखवू लागले. मी वाकून त्यांचा मॉनिटर बंद केला.

"अहो, हे काय?"

"लावा नंबर," मी म्हणालो.

डॉक्टर हातात माऊस धरून काळ्या काचेकडे बघत बसले.