घोड्याला दिलेलं वाण

आमच्या तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं काम माझ्यामुळे गेलं. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि नेमकं तेवढं राहून जाईल. मला ती सवय आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. मी मुंबईहून जनावरांचा डॉक्टर होऊन आलेलो, पण इथल्या लायसन्ससाठी परीक्षांच्या पायऱ्या होत्या आणि मी दुसऱ्या पायरीवर तीन वर्षं बसून होतो. तोवर शर्यतीच्या घोड्यांच्या एका तबेल्यात मदतनीस म्हणून लागलो. मराठी मंडळी जमली की कोणीतरी विचारायचं, "तुम्ही कसले डॉक्टर?" घोड्यांचा म्हटलं की समोरचा हृदयरोगतज्ज्ञ सहानुभूतीनं बटाटेवड्याची प्लेट पुढे करायचा. एक काकू मात्र दर वेळी मला बाजूला घेऊन, घोड्याचं मलम माणसाच्या गुडघ्याला चालतं का, असं हळूच विचारायच्या.

आमचे घोडे चौखूर उधळणारे नव्हते. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत हाकणारा बसलेला, आणि घोड्यानं शेवटपर्यंत दुडक्या चालीनंच पळायचं. चाल मोडून उधळला की त्याला मागे खेचावं लागतं आणि शर्यत हातची जाते. हे मी पुण्याच्या मामांना पत्रातून सविस्तर समजावलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे टांगाच की. त्यासाठी एवढ्या लांब जायची काय गरज होती?"

त्या तबेल्यात एक तांबडा घोडा होता, कपाळावर पांढरा ठिपका. पळायला वाऱ्यासारखा, पण खाण्याचे नखरे असे की माझी बायको त्याला जावई म्हणायची. बादली बदलली तर पाणी पिणार नाही. गवत दुसऱ्या शेतातलं असलं तर हुंगून तोंड फिरवणार. त्याचं सगळं एक म्हातारा करायचा. पन्नास वर्षं घोड्यांच्या मागे घालवलेला, पाठ वाकलेली, शर्टाच्या खिशात पाठदुखीच्या गोळ्यांची बाटली. रोज संध्याकाळी तो घोड्याला गाणं म्हणून दाखवायचा, एकच, आणि दर वेळी वेगळ्या सुरात. घोडा त्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. म्हाताऱ्याच्या मते आनंदानं.

मला 'डॉक' म्हणणारा त्या तबेल्यात तो एकटाच. बाकीचे मला 'हेऽ, यू' म्हणायचे.

त्या वर्षी मे महिन्यात जावयाला स्वीडनमधल्या एका आंतरराष्ट्रीय शर्यतीचं बोलावणं आलं. तबेल्याचा ट्रेनर पुढे जाऊन सोय बघणार, आणि घोड्याबरोबर विमानात म्हातारा आणि मी. नेमका तेव्हा अधिक महिना लागला होता. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. आमची मुलगी सहा वर्षांची, म्हणजे जावई यायला अवकाश होता. पण बायकोला माहेरची आठवण यायला लागली की ती काहीतरी तळायला काढायची. तिनं तांदूळ भिजत घातले, आयसेलिनच्या देशी दुकानातून खसखस आणली आणि जाहीर केलं की यंदाचं वाण घोड्याला.

मुलगी जेवता जेवता थांबली. "डझ दॅट मीन आय हॅव टू मॅरी हिम?"

"चेष्टा गं," बायको म्हणाली.

"आय अ‍ॅम नॉट मॅरीइंग अ हॉर्स," असं म्हणून ती रडत खोलीत गेली. तिची समजूत काढायला अर्धा तास लागला, आणि शेवटी ती एवढ्यावर आली की तिच्या एका मैत्रिणीनं त्याच्याशी लग्न केलं तर तिची हरकत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बायको तबक घेऊन तबेल्यात आली. तिथे गवतामुळे काडी ओढायला बंदी. मग तिनं निरांजनाच्या जागी बॅटरी ठेवली आणि घोड्याला ओवाळलं. ट्रेनरनं टोपी काढून हातात धरली. तिनं एक अनारसा पुढे केला. ज्याला आम्ही सफरचंद विनवण्या करून खाऊ घालायचो, त्या घोड्यानं तो एका घासात उचलला आणि तिचा पदर हुंगायला लागला.

म्हातारा म्हणाला, "एवढाच. आता शर्यत होईपर्यंत बाहेरचं काही नाही." घोड्याच्या जागेवर 'खायला घालू नये' अशी पाटी लावायचं काम त्यानं मला दिलं. मी ती लावली, आणि उरलेले बत्तीस अनारसे डब्यात घालून माझ्या बॅगेत ठेवले. बायकोचं म्हणणं, तिकडे थोडे थोडे द्या, वाण पुरं व्हायला हवं.

मालवाहू विमानात घोडा लाकडी कप्प्यात शांत उभा होता. घाबरला तो म्हातारा. विमानात पहिल्यांदाच बसत होता. सगळा वेळ त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला होता, आणि घोड्याला धीर देतोय असं मला सांगत होता.

तिकडे पोचल्यावर व्हायचं तेच झालं. जावयानं तिथलं गवत नाकारलं. घरून नेलेले ओटसुद्धा नाकारले, कारण बादली तिथली. दोन दिवसांत त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. शर्यतीला दोनच दिवस उरलेले. म्हातारा तासन् तास गात होता, घसा बसेपर्यंत. शेवटी तो कॉफी आणायला गेला, आणि मी डबा उघडला. खरं सांगायचं तर मलाच भूक लागली होती. झाकणाचा आवाज झाला आणि घोड्याची मान माझ्या खांद्यावरून पुढे आली.

तिकडेही मीच लावलेल्या त्या पाटीखाली उभं राहून मी त्याला अकरा अनारसे घातले.

तो लगेच पाणी प्यायला. म्हातारा परत आला तेव्हा घोडा बादलीत तोंड घालून ओट चघळत होता. म्हाताऱ्यानं कॉफी तिथेच जमिनीवर ठेवली. मग ट्रेनरला बोलवायला धावला. रात्रीपर्यंत आख्ख्या आवारात बातमी झाली की अमेरिकन म्हाताऱ्यानं गाऊन घोडा जेवायला लावला. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मीही मारली. त्याचा आनंद बघून वाटलं, असू दे. आणि शर्यतीच्या सकाळी, तो आंघोळीला गेला असताना, उरलेले अनारसे दिले. वाण पुरं झालं.

घोडा तिसरा आला. अशा शर्यतीत तिसरा म्हणजे फारच झालं. मग तपासणीसाठी घोड्याची लघवी घेतली. त्याही कामाला म्हाताऱ्याचं गाणंच लागलं.

आम्ही परत आल्यावर काही आठवड्यांनी अहवाल आला. ट्रेनरनं आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि कागद टेबलावर ठेवला. घोड्याच्या लघवीत मॉर्फिन सापडलं होतं. नंबर रद्द, आणि गुन्हेगार कोण ते शोधायचं.

मॉर्फिन म्हणजे अफू. अफूच्या बोंडातली बी म्हणजे खसखस. हे कळायला मला डॉक्टर असायची गरज नव्हती. बाळंतिणीला झोप लागावी म्हणून आमच्याकडे खसखशीची खीर करतात, हे कोणाही मराठी माणसाला माहीत असतं. माझ्या डोळ्यांसमोर अनारसे आले, प्रत्येकाची एक बाजू खसखशीनं गच्च भरलेली. बायकोनं खसखस कधी हात आखडून लावली नाही.

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात म्हातारा पुढे आला, त्यानं खिशातली गोळ्यांची बाटली काढली आणि कागदावर ठेवली.

"माझीच असेल," तो म्हणाला. "वाकताना एखादी बादलीत पडली असेल. माझे हात आता थरथरतात."

ट्रेनरनं बाटलीवरचं वाचलं आणि माझ्याकडे वळला. असल्या गोळीनं मॉर्फिन दिसू शकतं का, एवढंच त्यानं विचारलं.

"दिसू शकतं," मी म्हणालो.

आणि ते खरं होतं; त्या गोळ्यांतही अफूचाच अंश होता. आयुष्यात इतकं सोयीचं खरं मी पुन्हा कधी बोललो नाही. पुढच्याच महिन्यात माझी परीक्षा होती. घोड्याला अफू चारली अशी नोंद नावावर आली असती तर लायसन्स विसरायचं, हे मी त्या एका क्षणात मोजलं होतं.

म्हाताऱ्याला वर्षभर तबेल्यात पाऊल ठेवायला मनाई झाली. त्या वयात एक वर्ष म्हणजे कायमचंच. तो पेनसिल्व्हेनियात मुलीकडे राहायला गेला. घोडा रोज संध्याकाळी दारातून मान बाहेर काढून उभा राहायचा. नव्या माणसाला वाटायचं, हवा खातोय. मी परीक्षा पास झालो. सगळे मला डॉक्टर म्हणायला लागले, आणि दर वेळी मला मागे वळून बघावंसं वाटायचं.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. बायको आयसेलिनहून खसखशीची पुडी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली. मी ती बघत राहिलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं गॅस बंद केला.

"अहो, तीन वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघतेय," ती म्हणाली. "आधी वाटलं परीक्षेचं टेन्शन. मग पास झालात तरी तेच तोंड. म्हटलं, असेल यांचा स्वभाव."

मग तिनं विचारलं, म्हाताऱ्याचा पत्ता आहे का. होता. तो मी पाकिटात घेऊनच फिरत होतो. अनारसे तिनं तरीही केले. मी म्हटलं, निदान खसखस लावू नकोस. ती म्हणाली, ज्याच्यामुळे झालं ते त्याला दिसायला नको का?

शनिवारी आम्ही गेलो. म्हातारा मुलीच्या घरामागे खुर्चीत बसला होता, पाठ आणखी वाकलेली. मला बघून "डॉक!" म्हणून उठायला लागला, आणि मला वाटलं, परत फिरावं. पण बायको मागे डबा घेऊन उभी होती, त्यामुळे मागे जायला वाट नव्हती. मी उभ्यानंच सांगितलं. पाटी, अकरा, उरलेले, खसखस, ऑफिसातलं माझं ते एक वाक्य. ट्रेनरला आणि शर्यतीच्या कचेरीला लिहिलेलं पत्र खिशातून काढून त्याला दिलं. सोमवारी टाकतोय, म्हणालो.

त्यानं पत्र वाचलं नाही. डब्यातून एक अनारसा घेतला, खसखशीची बाजू डोळ्यांजवळ नेऊन बघितली, थोडा चावला. मग म्हणाला, "म्हणजे तो माझ्या गाण्यानं जेवला नव्हता."

मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो, शिव्यांचीसुद्धा. याची नव्हती. खरं बोलायला म्हणून दीडशे मैल आलेलो मी चटकन म्हणालो, "नाही, नाही. अनारसे त्यानं नुसते चाखले. जेवला तो गाण्यावरच."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे. बायको जमिनीकडे बघत होती.

"डॉक, तुला साधं खोटंही बोलता येत नाही," तो म्हणाला. "मग तीन वर्षं कसं जमवलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही," मी म्हणालो.

तो हसला नाही. पत्राची घडी घालून त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली, गोळ्यांच्या बाटलीशेजारी, आणि ते तो स्वतः टाकणार म्हणाला. माझ्यावर त्याचा भरवसा नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मग त्यानं आणखी एक अनारसा घेतला आणि विचारलं, घोडा आता कुठे आहे, आणि बरा जेवतो का.