स्मूद म्हणजे किती स्मूद?

पंपाची चाळीस केसिंग ट्रकमधून परत आली होती आणि फाउंड्रीच्या दारात उतरवली जात होती. प्रत्येकावर लाल रंगाची फुली. सोबत पुण्याच्या कंपनीचं पत्र. त्यात कारण तीनच शब्दांत टाइप केलेलं, 'पॅसेज नॉट स्मूद'. पुढचा लॉटही असाच निघाला तर पॅटर्न, म्हणजे त्यांचा लाकडी नमुना, परत न्यायला गाडी पाठवू, असंही खाली लिहिलं होतं. म्हणजे काम गेलंच.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी पत्र माझ्या हातात कोंबलं.

"चौगुले, इन्स्पेक्टर तुम्ही. सही तुमची हाय. आता बोला."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची साठ माणसांची फाउंड्री होती. तोवर आम्ही गुऱ्हाळाच्या चरकाचे भाग ओतत होतो. तिथं थोडं खडबडीत चालून जायचं. पंपाचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि अख्ख्या गल्लीत आम्ही त्याची फुशारकी मारून बसलो होतो.

केसिंग म्हणजे पंपाचं शंखासारखं लोखंडी अंग. त्याच्या आतून पाणी फिरतं, ती वाट म्हणजे पॅसेज. ओतताना ही वाट पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात. तो कोर. आम्ही वाळूत काकवी मिसळून कोर करायचो, भट्टीत भाजायचो आणि वरून ग्रॅफाइटचं काळं पाणी मारायचो. लोखंड थिजलं की कोर फोडून काढायचा. कोर जसा, तशी आतली भिंत.

आमचे कोर करायचे रसूलचाचा. मूळचे मुरगूडचे, तीस वर्षं याच कामात. फाउंड्रीत एक रिवाज होता. चाचांनी कोरवर अंगठा फिरवून मान हलवली की कोर पास. मग त्याकडे कुणी बघायचं नाही. खरं सांगतो, मीही बघत नव्हतो. सही मात्र ठोकत होतो.

आणि ड्रॉइंगवर तरी काय होतं? 'पॅसेज टु बी स्मूद.' एवढंच. स्मूद हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा वापरायचो. क्लच स्मूद आहे, लेथ स्मूद चालतोय, अगदी मुलीचं लग्नसुद्धा स्मूद पार पडायचं. किती स्मूद, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"कोरला दुसरा माणूस बघा," अण्णा म्हणाले. "चाचांना वाळू चाळायला टाका. वय झालं त्यांचं."

मला ते लागलं. चूक माझीही होती. मी आठ दिवस मागून घेतले.

चाचांना केसिंग दाखवलं तर ते कडाडले. "आवो सायेब, ह्ये गुळगुळीत न्हाय तर काय हाय? माझा अंगठा फिरलाय की त्येच्यावर!"

मी पॅसेजमध्ये बोट घातलं. बारीक कणी कणी लागत होती. चाचांनी अंगठा फिरवला. त्यांना काहीच लागेना. मग मी त्यांचा अंगठा हातात घेऊन पाहिला. तीस वर्षं वाळू घासून कातडं टणक झालं होतं.

"चाचा, तुमच्या अंगठ्याला आता कळत न्हाय."

शेडमधले हातोडे थांबले. मी बत्तीस वर्षांचा, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. चाचांनी हात धुतले, टोपी घातली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघून गेले. ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला ते दारात हजर. हातात एक पुरचुंडी, आत पिंजलेला कापूस.

"आमी पिंजारी, सायेब. बा गाद्या भरायचा. पिंजायची कमान घासून झाली की तिच्यावरनं कापूस वडायचा. तंतू अडकला तर म्हणायचा, परत घास."

त्यांनी तारेला कापसाचा बोळा बांधला आणि स्वतःच केलेल्या केसिंगमधून ओढला. आत जागोजागी पांढरे तंतू लटकले. चाचांनी त्यातला एक चिमटीत धरून काढला.

"तुमचं खरं हाय," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

वाळूची चाळण बदलली. काळं पाणी दोनदा मारायचं ठरलं, मध्ये गोणपाटानं घासून. पहिल्या दोन दिवसांचे कोर चाचांनी स्वतःच फोडून टाकले.

शनिवारी कंपनीचे करंदीकर साहेब आले. नव्या केसिंगमध्ये बोट घालून म्हणाले, "बरं आहे. पण स्मूद म्हणता येईल का?"

"साहेब, स्मूद म्हणजे किती?"

"स्मूद म्हणजे स्मूद. हाताला कळतं."

"कुणाच्या हाताला?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नोकरी गेलीच. पण मी चाचांना पुढं बोलावलं. चाचांनी तार साहेबांच्याच हातात दिली. साहेबांनी एकेक करत दहा केसिंगमधून कापूस ओढला. एकही तंतू अडकला नाही. अकराव्यात मात्र अडकला, अगदी कोपऱ्यात. साहेबांना तो दिसलाही नव्हता. चाचांनीच दाखवला आणि लाल खडूनं फुली मारली.

"ह्ये न्हाय जायाचं."

करंदीकर साहेब हसले. म्हणाले, "अण्णा, हा माणूस आहे तोवर पॅटर्न इथंच राहील."

त्या दिवशी माझी छाती जी फुगली, ती अजून पुरती खाली आलेली नाही. पुढच्या वर्षी नवं ड्रॉइंग आलं. त्यावर स्मूद हा शब्दच नव्हता. पॅसेजमधून कापूस ओढल्यास तंतू अडकू नये, असं इंग्रजीत टाइप केलं होतं. मुरगूडच्या एका पिंजाऱ्याची रीत पुण्याच्या ड्रॉइंगवर गेली होती.

मी तपासणीच्या कागदावर माझ्या सहीशेजारी आणखी एक रकाना आखून घेतला, कोर करणाऱ्याचा. चाचांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी शाईत अंगठा बुडवून ठसा उमटवला. त्यात रेषा एकही नव्हती, नुसता निळा डाग. त्यानंतर मी नोकरीभर दोन गोष्टी पाळल्या. विशेषण आलं, की ते कशानं तपासायचं ते आधी विचारायचं. आणि तो निळ्या डागाचा रकाना भरल्याशिवाय आपली सही करायची नाही.